होखेनडोंकचा पंच

नाटकात पडदा ओढणाऱ्यालाही टाळ्या मिळत नाहीत, पण तो बिचारा निदान विंगेच्या अंधारात असतो. पंच भर उजेडात, मधोमध उभा. सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो आणि त्याच्या वाट्याला येतात त्या शिव्या. मोरेश्वर निकम सोळा वर्षं असा उभा राहिला होता. तोही परक्या मुलखात, परक्या खेळात, आणि बहुतेक वेळा पावसात.

टिलबर्गहून बेल्जियमच्या सीमेकडे सायकलने निघालं की मक्याच्या शेतांमधून चार लहान गावं लागतात. या चार गावांचे चार क्लब आपसात रग्बी लीग खेळतात. ही तेरा गड्यांची रग्बी. हॉलंडमध्ये फुटबॉलच्या पलीकडे फारसं कुणी बघत नाही, त्यामुळे या स्पर्धेची बातमी कुठे येत नाही, तिकिटं नसतात, आणि प्रेक्षक म्हणजे खेळणाऱ्यांच्या बायका, आया आणि कुत्री. पण मार्च उजाडला की दर रविवारी दुपारी गायींच्या धारा आटोपून, वर्कशॉपची शटरं ओढून, कुणी बाळाला आजीकडे सोडून ही माणसं मैदानावर येतात आणि एकमेकांच्या अंगावर अशी तुटून पडतात, की बघणाऱ्याला वाटावं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे. संध्याकाळी तीच माणसं एका टेबलावर वाटाण्याचं दाट सूप पीत बसलेली.

हे सगळं उभं केलं थेओने. तरुणपणी तो ऑस्ट्रेलियात उसाच्या मळ्यांवर ट्रक चालवायला गेला होता. तिथून पैसा फारसा आणला नाही, हा खेळ आणला. परत येऊन आपल्या होखेनडोंक गावात पहिला क्लब काढला, मग शेजारच्या गावांत जाऊन त्यांच्या मागे लागला, कारण एकट्या क्लबने खेळायचं कुणाशी? जुन्या गोठ्याच्या दारातून त्याने एक ढाल कापली. दर वर्षी जिंकणाऱ्या क्लबचं नाव तो स्वतः त्यावर कोरायचा. गंमत अशी, की इतक्या वर्षांत त्याच्या स्वतःच्या गावाचं नाव त्या ढालीवर एकदाही चढलं नव्हतं.

मोरेश्वर मूळचा कऱ्हाडकडचा. आइंडहोव्हनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांचे निर्वात कक्ष जुळवण्याच्या कामावर आला आणि घर परवडतं म्हणून टिलबर्गमध्ये राहिला. कॉलेजात कबड्डी खेळला होता, पण बेताची. त्याचं खरं नाव झालं होतं ते जिल्ह्याच्या सामन्यांतला पंच म्हणून. एका रविवारी सायकलवरून जाताना त्याला हे मैदान दिसलं. चेंडू घेऊन धावणाऱ्या एका दांडग्याला तिघांनी कमरेत, मांडीत आणि घोट्यात धरून खाली आणला. मोरेश्वरचा पाय आपोआप जमिनीवर टेकला. कितीतरी वर्षांनी त्याने नीट बसलेली पकड पाहिली होती.

थेओ शेजारी येऊन उभा राहिला. "कळतंय का काही?"

"पकड कळली. चेंडू कशाला आहे ते नाही कळलं," मोरेश्वर तेव्हाच्या मोडक्या डचमध्ये म्हणाला.

थेओ इतका हसला की त्याला कुंपण धरावं लागलं. पुढच्या रविवारी त्याने मोरेश्वरच्या गळ्यात शिट्टी अडकवली.

पहिल्या सामन्यात मोरेश्वरने व्हायचा तो घोटाळा केलाच. या खेळात गडी धरला गेला, की पंच तसं ओरडून सांगतो आणि पकडणाऱ्यांनी त्याला ताबडतोब सोडायचं असतं, म्हणजे तो उठून चेंडू टाचेने मागे सरकवतो आणि खेळ पुढे जातो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांकडे. कबड्डीत मात्र धरलेल्याला सोडायचं हे कुणाच्या स्वप्नात येत नाही. मोरेश्वर शिट्टी दाताखाली धरून खाली पडलेल्या ढिगाकडे कौतुकाने बघत राहिला, धरलेल्याचा दम कधी जातो याची वाट बघत. शेवटी थेओ मैदानात धावत आला. "अरे, सोडायला सांग त्यांना! तो जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच राहील!" आणि गडबडीत मोरेश्वरच्या तोंडून मराठीतच गेलं, "धरला! धरला! सोडा!" तेव्हापासून त्या चारही गावांतले गवळी, सुतार आणि शाळामास्तर गडी धरला की "धरला!" असंच ओरडतात. नव्या पोरांना तो खेळातलाच कुठला तरी जुना ऑस्ट्रेलियन शब्द वाटतो.

या स्पर्धेत पंच यजमान क्लबने द्यायचा, कारण बाहेरून आणायला माणूसच नाही. त्यामुळे घरच्या मैदानावर पंच घरचाच. आपलं माणूस म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी मोरेश्वर डोळ्यांत तेल घालून उभा राहायचा, आणि होखेनडोंकवाले म्हणायचे, याच्यापेक्षा शत्रूचा पंच बरा. या खेळात चेंडू हाताने फक्त मागे द्यायचा असतो. सामना संपला की थेओ हमखास कॅन्टीनच्या दारात वाट अडवून उभा. "तो पास पुढे गेला म्हणतोस? पुढे? मोरेश, तुझ्या देशात पुढे कशाला म्हणतात?" मग सूप निवेपर्यंत वाद. दोघांच्या वयात सतरा वर्षांचं अंतर, त्यामुळे थेओने कितीदा सांगूनही मोरेश्वरने डचमधलं आदरार्थी 'तुम्ही' सोडलं नाही. भांडायचा तोही 'तुम्ही' म्हणूनच, आणि थेओला त्याचाच जास्त राग यायचा.

जानेवारीत थेओच्या स्वादुपिंडातला आजार बाहेर आला. तोवर उशीर झाला होता. एप्रिलअखेर त्याने आपल्या हाउसआर्ट्सशी, म्हणजे त्याच्या नेहमीच्या डॉक्टरशी, शांतपणे बोलून स्वतःच्या मरणाचा दिवस ठरवला. या देशात तशी मुभा आहे. गुरुवार. घरीच, खिडकीजवळच्या पलंगावर. मोरेश्वरला त्याने हे फोनवर सांगितलं ते एखाद्या कामगाराची वेळ ठरवावी तसं, आणि वर म्हणाला, "त्याआधीच्या रविवारी शेवटचा सामना आहे. मी येणार."

त्या रात्री मोरेश्वर मंजूषाला म्हणाला, "मी नाही उभा राहणार. दुसऱ्या कुणालाही शिट्टी देऊ देत."

मंजूषा त्याची बायको. टिलबर्गच्या एका पाळणाघरात ती डच पोरांना जेवू घालते, आणि कुणी मुकाट्याने जेवत नसलं की तिला कारण आधी कळतं. ती म्हणाली, "अहो, त्यांनी दुसरं कुणी मागितलंय का?"

थेओने मागितलं नव्हतं. मोरेश्वरने विचारलं तेव्हा त्याने फोनच ठेवून दिला.

रविवार आला. समोरचा संघ ओस्टरव्हेलचा. होखेनडोंकने हा सामना जिंकला तर ढाल पहिल्यांदाच घरी येणार होती. दुपारी एक पिवळी रुग्णवाहिका हळूहळू गवतावरून बाजूच्या रेषेपर्यंत आली. मरणाच्या दारातल्या माणसांना जिथे एकदा जायचं असतं तिथे नेणारी ही गाडी, चालवणारे स्वयंसेवक. निवृत्त झालेल्या एका परिचारिकेने थेओचा स्ट्रेचर उतरवला, पाठ उंच केली, पांघरुणं खोचली. तो मोठा माणूस त्यात इतका थोडा उरला होता, की मोरेश्वरने दोनदा पाहून खात्री करून घेतली.

शंभरेक माणसं जमली होती. एरवी तीस नसतात. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिसरी घंटा होऊन पडदा उघडण्याआधी नाट्यगृहात जी शांतता पसरते, तशी त्या उघड्या माळावर पसरली. मोरेश्वरने शिट्टी फुंकली.

पहिली दहा मिनिटं त्याला काही जाणवलं नाही. होखेनडोंकची पोरं चढून खेळत होती आणि त्याच्या छातीत, पंचाच्या छातीत होऊ नये तसं, बरं वाटत होतं. बाजूने धावणारा सुयश हा त्याच्याच कंपनीतला पुण्याचा मुलगा. त्याने चेंडू रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. त्याचे चार गुण. त्यानंतर खांबांमधून लाथ बसली, आणखी दोन. मग पुन्हा एकदा, मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्या वेळी मोरेश्वरने ओस्टरव्हेलच्या कप्तानाचे हात पाहिले. रुबेन त्याचं नाव, दीडशे गायींचा गवळी, तळहात फावड्यासारखे. या हातांतून सुटून गेलेला गडी मोरेश्वरने सोळा वर्षांत क्वचित पाहिला होता. आज सुयश त्याच्या समोरून गेला, रुबेनने हात घातला, आणि हात कमरेवरून असा निसटला जसा एखाद्या लग्नात पाहुण्याला पुढे जाऊ देताना पाठीवर ठेवतात. दिखाऊ पकड. मोरेश्वर जिल्ह्याच्या मैदानांवर ती ओळखायला शिकला होता, विकलेल्या सामन्यांमध्ये. इथे कुणी काही विकलं नव्हतं. इथे सगळे मिळून दान करत होते.

मग त्याला ते सगळीकडे दिसू लागलं. उशिरा उठणारे पाय. मुद्दाम बाहेर गेलेली लाथ. मध्यंतराला अठरा विरुद्ध चार, आणि ओस्टरव्हेलची पोरं मान खाली घालून संत्री सोलत बसली होती.

तो रुबेनजवळ गेला. "हे काय चाललंय?"

"काय?" रुबेनने वर पाहिलं नाही. "त्यांचा दिवस आहे. चांगले खेळतायत."

"रुबेन, मला पकड कळते."

रुबेनने संत्र्याची साल गवतात टाकली. "माझ्या बापाला त्याने खेळात आणलं. मला वयाच्या सहाव्या वर्षी त्याच्या ट्रकच्या मागून चेंडू मिळाला. आम्ही काल रात्री ठरवलं. एका दिवसाने आमचं काय जातंय, मोरेश? तू फक्त शिट्टी वाजव."

मोरेश्वर रेषेकडे वळला. नियमांच्या पुस्तकात मऊ हातांना शिक्षा नाही. रेषेजवळ मंजूषा डोळे पुसत उभी होती. तिला तो हळू आवाजात म्हणाला, "हे हरायला आलेत."

"माहितीये. सगळ्यांना माहितीये," ती म्हणाली. "होऊ दे ना हो. देवळात कुणी नवस फेडत असलं तर आपण नाणं वाजवून बघतो का?"

तिचं म्हणणं त्याला पटलं. खरं तर पटून तो परत मधल्या रेषेकडे निघालाही. पण वाटेत स्ट्रेचर होता, आणि थेओने पांघरुणातून दोन बोटं काढून त्याला बोलावलं.

"मोरेश," आवाज कागदासारखा झाला होता, त्याला वाकावं लागलं. "हे लोक पकड कशी घालतायत?"

"तुमच्या पोरांनी आज—"

"आजीला बसमधून उतरवतात तशी. एवढं दिसतं मला." तो श्वासासाठी थांबला. परिचारिका पुढे झाली, त्याने तिला मानेनेच मागे केलं. "मी गुरुवारी जाणार आहे ना? की गेलोय, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

 मोरेश्वरने पांघरूण उगाच सारखं केलं, ते थेओला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या डावासाठी संघ उतरले तेव्हा मोरेश्वरने नुसत्या दोन कप्तानांना न बोलावता सगळ्या सव्वीसजणांना मधोमध बोलावलं. असं त्याने कधी केलं नव्हतं. त्याची डच आता बरी होती, पण त्या क्षणी ती पुन्हा मोडकी झाली.

"तो जिवंत आहे," तो म्हणाला. "तो बघतोय. त्याला कळतंय. तुम्ही त्याला सामना दाखवा. दुसरं काही मी दाखवू देणार नाही. हाच खेळ चालवायचा असेल तर शिट्टी इथे ठेवतो, कुणीही उचला."

होखेनडोंकचा एक दाढीवाला आडदांड गडी पुटपुटला, "पण आपण जिंकतोय, मोरेश."

"हो," मोरेश्वर म्हणाला. "म्हणूनच सांगतोय."

 मग रुबेनने लांब उभ्या स्ट्रेचरकडे पाहिलं, नाक मनगटाने पुसलं, आणि आपल्या पोरांना ओरडला, "ऐकलंत? चला!"

त्यानंतर जो सामना झाला तो होखेनडोंकच्या गवताने फार वर्षांत पाहिला नव्हता. पहिल्याच धडकेचा आवाज रेषेपर्यंत आला आणि बायकांनी तोंडावर हात नेले. रुबेनने दाढीवाल्याला असा आडवा केला, की चिखल मोरेश्वरच्या तोंडावर उडाला. "धरला!" मोरेश्वर ओरडत होता, "धरला! सोड!" आणि छप्पन्न वर्षांचं त्याचं गुडघ्याचं हाड तक्रार करत होतं. ओस्टरव्हेलने एकदा रेषा ओलांडली, मग पुन्हा. अठरा-दहा. अठरा-सोळा. होखेनडोंकची पोरं आता भीक नको अशा त्वेषाने लढत होती. शेवटच्या दहा मिनिटांत रुबेन स्वतः तिघांना अंगावर घेऊन कोपऱ्यात पडला. वरच्या दोन गुणांची लाथ खांबाला लागून बाहेर गेली. अठरा-वीस. ढाल पुन्हा निघाली होती.

मोरेश्वरने त्या सबंध वेळात स्ट्रेचरकडे पाहिलं नाही. त्याची हिंमत झाली नाही.

शेवटचं मिनिट. होखेनडोंकचा गडी पाचव्यांदा धरला गेला होता, चेंडू बाजूला सुयशकडे आला. तो सुटला. खरोखर सुटला, कुणाच्या मेहेरबानीने नाही. रुबेन तिरका धावला, रेषेवर दोघे एकत्र कोसळले आणि घसरत आत गेले. सुयशने हात लांबवून चेंडू टेकवला. सगळं मैदान एका आवाजात ओरडलं.

मोरेश्वर दोन हातांच्या अंतरावर होता. टेकण्याच्या आधी चेंडू बोटांवरून सुटला होता, वीतभर पुढे, आणि मग सुयशचा तळवा त्यावर आला. हातातून पुढे सुटलेला चेंडू म्हणजे चूक. ते दोघांच्या अंगांमुळे कुठूनच कुणाला दिसणं शक्य नव्हतं. सुयशला कळलं असावं. तो उठला नाही, चिखलात गाल ठेवून मोरेश्वरकडे वर बघत राहिला. रुबेनलाही कळलं होतं, कारण त्याचा चेहरा चेंडूपासून वीतभरच होता.

रुबेन धापा टाकत पुटपुटला, "दे रे. मी बोलणार नाही. आता तर आम्ही खरं खेळलोय."

"काका..." सुयश म्हणाला.

  समोर शंभर माणसांचे वर झालेले हात होते. मोरेश्वरने ते पाहिले, आणि शिट्टी वाजवून हात आडवा केला. चूक. गुण नाही.

हात एकेक करून खाली आले. ओस्टरव्हेलनेही आनंद केला नाही. वेळ संपली. मंजूषा त्याच्याजवळून गेली आणि मराठीत, अगदी हळू, म्हणाली, "शेवटचं तरी द्यायचं होतंत हो," आणि सूप वाढायला कॅन्टीनकडे निघून गेली. सोळा वर्षांत तिने त्याच्या निर्णयावर पहिल्यांदा बोट ठेवलं होतं.

तो स्ट्रेचरकडे चालत गेला. आयुष्यात इतकं लांब मैदान त्याने ओलांडलं नव्हतं.

थेओचे डोळे पेटलेले होते. गालांवर कुठून कोण जाणे रंग आला होता.

"टेकला होता," तो म्हणाला.

"नाही, थेओ. आधी सुटला."

"टेकला होता! मी पाहिलं!"

"तुम्ही साठ मीटरवर होतात. आणि चष्मा तुमच्या छातीवर पडलाय."

"सोळा वर्षं," थेओ परिचारिकेकडे वळून म्हणाला, "सोळा वर्षं हा माणूस माझं गाव लुटतोय. आणि वर मला 'तुम्ही' म्हणतो!" त्याला खोकला आला. तिने पाणी दिलं. पाणी बाजूला सारून त्याने मोरेश्वरची चिखलाची बाही धरली. पकड कसली, नुसता स्पर्श, पण त्यात जेवढं होतं तेवढं सगळं लावलेलं. "तीन महिने झाले," तो हळू म्हणाला. "जो येतो तो हो म्हणतो. सूप खारट झालं म्हटलं तर हो. बाहेर पाऊस आहे म्हटलं तर, ऊन असताना, हो. माझ्याशी कुणी भांडलं नाही, मोरेश."

मोरेश्वर गवतावर खाली बसला. गुडघ्यासाठी बसला, असं तो नंतर म्हणाला.

निघायची वेळ झाली तेव्हा दोन्ही संघ न सांगता दोन रांगांत उभे राहिले आणि त्यांच्यामधून स्ट्रेचर गेला. शेवटी उभ्या रुबेनने टोपी काढली. थेओने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पहिल्या डावाची लाज वाटू दे." रुबेन हसला आणि रडला, दोन्ही एकदम. गाडीचं दार लागता लागता आतून आवाज आला, "बुधवारी ये! माझ्याकडे अजून मुद्दे आहेत!"

बुधवारी संध्याकाळी मोरेश्वर कामावरून परस्पर गेला. खिडकीबाहेर मोकळं हिरवं शेत, पलंगाजवळ थेओची मुलगी. ती त्याला बसवून स्वयंपाकघरात गेली. थेओने ट्रेवर बिस्किट आणि औषधाची डबी मांडून ठेवली होती. बिस्किट म्हणजे चेंडू, डबी म्हणजे सुयश, ट्रेची कड म्हणजे रेषा. त्याने बोटाने सगळं एकदा सरकवून दाखवलं, मग पुन्हा, सावकाश. त्याच्या मांडणीत चेंडू स्वच्छ टेकत होता. दाखवून झाल्यावर तो उशीवर मागे टेकला आणि मोरेश्वरच्या तोंडाकडे बघत राहिला. कुणाही माणसाने त्या घटकेला मान हलवली असती.

  मोरेश्वरने हात पुढे केला, बिस्किट उचललं, आणि डबीपासून वीतभर पुढे ठेवलं.

"इथे होता, थेओ," तो म्हणाला.

थेओने डोळे बारीक करून त्या वीतभर अंतराकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," तो म्हणाला, "आता दुसरा मुद्दा," आणि खुर्ची जवळ ओढायची खूण केली.